चौदावा प्रश्न

लठ्ठपणाच्या दवाखान्यात काम मिळाल्याचं मंदाबाई सावे यांनी केळव्यात कुणाला सांगितलं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी नोकरी म्हटल्यावरच लोक हसले असते. त्यात लठ्ठपणाचा दवाखाना म्हटल्यावर तर शेजारच्या वाडीतल्या बायका विड्याची पानं खुडायची सोडून पोट धरून बसल्या असत्या. "बोईसरला जरा काम असतं," एवढंच त्या सांगत आणि सकाळची एसटी धरत.

बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका धर्मादाय संस्थेचं इस्पितळ होतं. तिथे गेल्या वर्षी हा नवा विभाग निघाला. जठर लहान करायचं ऑपरेशन, ज्यासाठी एरवी मुंबईला हेलपाटे घालावे लागत, ते इथे वर्षाला चाळीस बायांना फुकट मिळणार होतं. नाव नोंदवणारे हजाराच्या वर झाले. मग चाळीस निवडायचे कसे? त्यासाठी संस्थेने दोन माणसं आणली. एक हर्षित, सुरतेकडचा आकडेतज्ज्ञ. गावोगावची वजनं, उंच्या, रक्तातली साखर असं सगळं तो नकाशावर मांडायचा आणि पुढच्या दहा वर्षांत कुठल्या गावात लठ्ठपणा किती वाढेल, कुठल्या गावात केलेलं ऑपरेशन टिकेल, याचा अंदाज बांधायचा. दुसरी स्वाती, दादरची मानसतज्ज्ञ. बाईचं मन हे ऑपरेशन पेलेल का, ते प्रश्न विचारून ठरवायचं हे तिचं काम.

स्वातीची पंचाईत अशी झाली की किनाऱ्यावरच्या बाया तिच्या कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देत. तुम्हाला उदास वाटतं का? "बरं हाय." झोप लागते का? "बरं हाय." नवरा काही बोलतो का वजनावरून? "बरं हाय." तीन दिवसांत तिच्याजवळ साठ कागद जमले आणि साठही कागदांवर सगळं बरं होतं. तेव्हा कुणीतरी मंदाबाईंचं नाव सुचवलं. चौतीस वर्षं या पट्ट्यात नर्स म्हणून काढलेली बाई. किनाऱ्यावरच्या घिवली गावातल्या कितीतरी बाया तिच्या हातांवर जन्मलेल्या, आणि त्यांच्या सासवांचे टाके तिनेच घातलेले. तिच्यापुढे कोण "बरं हाय" म्हणणार?

झालंही तसंच. मंदाबाई ओट्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या, आधी सासूच्या गुडघ्यांची, मग होडीची चौकशी करायच्या आणि नंतरच पिशवीतून कागद काढायच्या. अठ्ठावीस प्रश्न होते, सगळे पुस्तकी. 'मला माझ्या शरीराविषयी अप्रीती वाटते' हे वाक्य तोंडात आलं की दात दुखायचे. मंदाबाई विचारायच्या, "आरशात बगायला नको वाटते का गो?" बाया हसायच्या, पदर तोंडाशी न्यायच्या आणि मग खरं बोलायच्या.

चौदावा प्रश्न असा होता: 'मी किती खाते याची लाज वाटते, म्हणून मी इतरांपासून दूर, एकटीने खाते.' पुढे चार चौकटी: कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओट्यावर मंदाबाई इथे अडखळल्या. समोर पन्नाशीची बाई, शेजारी तिची सून, आत जावई आलेला. त्यांच्याच घरचा चहा पिऊन, त्यांच्याच ओट्यावर बसून, 'तुला तुझ्या खाण्याची लाज वाटते का' असं कोणत्या तोंडाने विचारायचं? मंदाबाईंच्या लहानपणी जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून पाहिलं तरी आई चिमटा काढायची. कुणाचा घास मोजू नये. कावळ्याचाही मोजू नये, असं ती म्हणायची. तेव्हा लाजेचं तेवढं त्यांनी गाळलं आणि विचारलं, "जेवायला कोणाबरोबर बसते, का एकटीच?"

"एकटीच. सगळ्यांचं झाल्यावर." या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्या बाईला कळेना.

मंदाबाईंनी 'नेहमी'च्या चौकटीत खूण केली. पुढे महिनाभरात घिवलीत त्यांनी एकशे बारा बायांचे कागद भरले आणि त्यातल्या शंभरावर कागदांवर चौदाव्या प्रश्नापुढे तीच खूण पडली. त्यांच्या मनाला टोचणी नव्हती. बाया जे म्हणाल्या तेच त्यांनी लिहिलं होतं. उपकेंद्रात पंख्याखाली बसून पोरांची वजनं मनाने लिहिणाऱ्या नर्सा त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्याशी मंदाबाई कधी धड बोलल्या नाहीत. खोटी नोंद आपल्या हातून आयुष्यात झाली नाही, याचा त्यांना जरा तोराच होता.

त्या एकशे बारांत एक कागद मेघालीचा होता.

मेघाली तांडेल. माहेर घिवलीचं, सासर घिवलीचं, लग्नात बदलली ती फक्त आळी. तिचा जन्म मंदाबाईंना अजून स्वच्छ आठवत होता. पावणेदोन किलोचं पोर. रडायलाही अंगात जीव नव्हता. कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवून मंदाबाईंनी तिला महिनाभर धरून ठेवलं होतं. घराच्या आढ्याला तागडी टांगायची, तिला फडक्याची झोळी लावायची आणि त्यात ते पोर ठेवायचं. काटा हलतोय की नाही ते डोळे बारीक करून पाहायचं. दंडाला मापाची पट्टी गुंडाळायची. पट्टीवर तीन रंग असत आणि मेघालीच्या दंडावर पट्टी नेहमी लालवर यायची. तेव्हा लाल म्हणजे उपासमार. "हिला खायला घाल," मंदाबाई तिच्या आईवर ओरडायच्या. "भातावर तेल घाल. आधी हिला, मग बाकीच्यांना. माशाचा पहिला तुकडा हिचा." दोन वर्षं त्या हेच ओरडत होत्या. पोर तीन वर्षांचं झालं आणि पट्टी हिरव्यावर आली, त्या दिवशी तिच्या आईने अख्ख्या आळीला नारळाच्या वड्या वाटल्या. तसे दिवस पुन्हा आले नाहीत असं मंदाबाईंना वाटे. तेव्हा चांगलं काय आणि वाईट काय हे तागडी सांगायची आणि सगळ्यांना पटायचं.

आता मेघालीचं वजन एकशे आठ किलो होतं. वय छत्तीस. बोईसरच्या औषधाच्या कारखान्यात ती खोकी भरायला उभी असे, आठ तास. जमिनीवर मांडी घालून बसणं सुटून तिला सहा वर्षं झाली होती. साखर होती. पण खरी भीती झोपेची होती. झोपेत तिचा श्वास मधेच थांबायचा. मग ती दचकून उठायची, तोंड उघडून हवा ओढायची, पुन्हा पडायची. त्यामुळे कारखान्यात दिवसा उभ्या उभ्या डोळा लागायचा. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "वजन उतरलं नाही तर ही पंचेचाळिशी बघणार नाही." मेघालीची मुलगी नऊ वर्षांची होती.

"मावशी, तुमीच वाढवलं," कागद भरताना मेघाली हसत म्हणाली होती, "आता तुमीच कमी करा."

"करते," मंदाबाई म्हणाल्या होत्या. "तुझा नंबर लागल्याशिवाय मी हे काम सोडत नाय." आणि चौदाव्या प्रश्नाशी आल्यावर तिलाही त्यांनी तेच विचारलं होतं. मेघाली जरा थांबली, मग म्हणाली, "एकटीच." खूण झाली. पान उलटलं.

नकाशा तयार झाला त्या दिवशी हर्षितने त्यांना हाक मारली. पोरगा चांगला होता. मंदाबाईंना आजी म्हणायचा, त्यांच्या डब्यातल्या वालाच्या भाजीवर डोळा ठेवायचा.

"आजी, या ना, बघा. तुमच्या घिवलीचा डेटा सगळ्यात भारी आहे. एकदम क्लीन."

मंदाबाईंनी चष्मा चढवला. नकाशे त्यांना कळत नसत, पण घिवली कळली. समुद्राला चिकटलेला तेवढा तुकडा गडद लाल होता, तापलेल्या तव्यासारखा.

"लाल म्हणजे जाड्या बाया?"

"तो नकाशा वेगळा. हा मनाचा. लपून खायची सवय, तिचा धोका." त्याने बोट वर सरकवलं. "हा पूर्ण किनारा बघा. आणि इकडे मनोरच्या बाजूला डोंगरातले पाडे, ते फिके. तिथल्या बायका म्हणतात, असेल तेव्हा सगळे एका टोपातून खातो."

"आणि ही दोन गावं? इथे तर आपण गेलोच नाय. ही कशी लाल झाली?"

"जिथे माहिती नाही तिथला रंग शेजारच्या गावांवरून येतो. जवळजवळची गावं एकमेकांसारखी असतात असं धरायचं. मग अंदाज निघतो."

"म्हणजे शेजारीण जाडी, म्हणून मी पण जाडी?"

हर्षित मनापासून हसला. "थोडं तसंच, आजी."

मंदाबाईही हसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि लाल गावांना काय मिळतं?"

"लाल गावांत ऑपरेशन टिकणार नाही, वजन परत चढणार, असा अंदाज आहे. म्हणून या वर्षी तिथे ऑपरेशन नाही. आधी समुपदेशन."

मंदाबाईंचं हसू तोंडावरच राहिलं. "मेघाली तांडेल बघ."

त्याने नाव टाकलं. "शारीरिक गरज एकदम वर आहे. पहिल्या दहात. पण चौदाव्या प्रश्नावर 'नेहमी', आणि गाव लाल त्याचा भार. दोन्ही मिळून खाली गेली. दोनशे एकोणनव्वदावा नंबर."

त्या तशाच उठल्या आणि स्वातीच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं आणि काय केलं ते सांगितलं. लाजेचं गाळलं हे सांगताना त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. पहिल्यांदाच कुणापुढे अशी कबुली देत होत्या.

स्वातीने कागद पुढे ओढून चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. "मावशी, तो शब्दच प्रश्न होता," ती म्हणाली. "बाकी वाक्य नुसतं आजूबाजूला होतं."

"ओट्यावर बसून कसं विचारायचं गं असं?"

"ते मला कळतं. पण एकटीने जेवणं हा आजार नाही. लाजेने लपून जेवणं, त्याची चौकशी होती ही. आणि गावात अशी एखादीच निघाली असती ना, तर तिला आम्ही नाकारलं नसतं. तीन महिने उपचार केले असते आणि मग ऑपरेशन. पण अख्खं गावच तसं दिसलं की हर्षितचं मॉडेल म्हणतं, इथे काही टिकणार नाही."

"मग पुन्हा विचारते. एकशे बारा घरं पुन्हा फिरते. चालवेल मला."

"समितीची परवानगी लागेल, नवे कागद, पुन्हा तपासणी. सहा महिने. चाळिसांची यादी या महिनाअखेर बंद होतेय."

"तू तुझ्या अक्षरात लिही ना, की हे चुकलं म्हणून."

"लिहीन. शेरा लिहीन. पण शेरा कॉम्प्युटर वाचत नाही, मावशी."

मंदाबाई तिथून हलल्या नाहीत. शेवटी स्वातीने एक वाट सांगितली. नियमात घरभेटीची सोय होती. घरी जाऊन, घरच्यांशी बोलून, बाई सगळ्यांबरोबर उघडपणे जेवते असं दिसलं तर तेवढ्या एकीचं उत्तर बदलता येत होतं. मग गावाचा रंग बाजूला ठेवून समिती तिचा वेगळा विचार करू शकत होती. "मात्र मी जे ऐकेन तेच लिहीन," स्वाती म्हणाली. "तेवढं मला सांभाळायला हवं."

मंदाबाई त्याच संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मेघाली बाहेर आल्यावर तिला बाजूला घेतलं. गाळलेल्या शब्दाचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रविवारी मॅडम येतील. विचारतील कसं जेवता. सगळ्यांनी सांगायचं, आमी एकत्र बसतो. तू, प्रदीप, पोरगी, सासू. एकत्र."

"खोटं सांगायचं?" मेघालीने डोळे मोठे केले. "तुमी सांगताय?"

"मी सांगते."

"सासूला झीट येईल ऐकून." ती हसली, पण मग गंभीर झाली. "सांगते. प्रदीप ऐकेल. त्याच्या आयला मी समजावते."

रविवारी अकरा वाजता दोघी घिवलीला पोचल्या. घर सारवून-पुसून लख्ख केलं होतं. शेजारच्यांकडून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मेघालीची सासू लाडकी हिने लग्नाकार्याचं लुगडं नेसलं होतं. प्रदीप मासळीचा टेम्पो चालवायचा, आज इस्त्रीचा शर्ट घालून हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत तपासनीस आल्यासारखा. मेघाली बाजेच्या काठावर बसली होती. चहा झाला, तळलेल्या कोलंब्यांची बशी पुढे आली.

स्वातीने आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "घरी जेवणं कशी होतात? कोण कधी बसतं?"

प्रदीपने बायकोकडे बघितलं आणि पाठ केलेलं बोलायला लागला. "आमी सगळी एकत्रच..."

"काय एकत्र?" लाडकीने त्याला तिथेच तोडलं. "काय बोलतो तू? मुंबैच्या बाईसमोर घराची अब्रू काढतो?"

"आय, तू जरा..."

"नाय नाय, ऐका बाय." ती स्वातीकडे वळली. "आमचं घर तसं नाय. बापये जेवतात, मग पोरगी, मग मी. मग ही. सोळा वर्षं झाली लग्नाला, ही कधी आमच्या आधी ताटावर बसली नाय. आमच्या आळीत विचारा कोणाला पण."

"लाडके," मंदाबाई घाईने म्हणाल्या, "त्या तसं नाय विचारत. त्यांना म्हणायचंय, सणासुदीला कधी बसत असाल की सगळी..."

"सणाला तर मुळीच नाय! सणाला ही दुपारी चारला जेवते."

मेघाली जमिनीकडे बघत होती. प्रदीपला वाटलं, आता आपण सांभाळून घ्यायला हवं, बायकोविषयी चांगलं बोलायला हवं. तो पुढे सरकला. "म्याडम, खोटं कशाला बोलू. अशी बायको मिळायला नशीब लागते. किती पण उशीर होऊ दे मला, ती थांबते. माझं झालं की आत जाते, दार लोटते आणि जेवते. काय जेवली, किती जेवली, आमाला कधी दिसत पण नाय. तोंडातून शब्द नाय. मनाची इतकी चांगली हाय ती. तुमी मन बगता ना? मग बगा."

"दार लोटून?" स्वातीने विचारलं.

"दार लोटूनच," लाडकी अभिमानाने म्हणाली. "आमची सासू भिंतीकडे तोंड करून जेवायची. आमी दार लोटतो. नर्सबाई, तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या, पण तुमी पण तशाच जेवत आल्या ना सगळा जलम?"

सगळे मंदाबाईंकडे बघायला लागले.

त्यांना केळव्याचं जुनं स्वयंपाकघर दिसलं. आई चुलीशी पाठ करून, पाटावर न बसता जमिनीवर, घाईघाईने भात कालवतेय. मग स्वतः त्या, ड्यूटीवरून येऊन, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीत भाकरी बुडवताहेत. ती दहा मिनिटं त्यांना फार आवडायची. दिवसभरात तेवढीच त्यांची स्वतःची असत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात आधी जेवायला कुणी नव्हतं, तरी त्या अजून सगळं आवरून झाल्याशिवाय ताट घेत नसत.

"हो," त्या म्हणाल्या.

स्वातीने लिहून घेतलं. कोलंब्या फार छान झाल्या आहेत म्हणाली. निघताना प्रदीपने तिच्यासाठी टेम्पोतून बर्फातला पापलेट काढून पिशवीत घातला. नियमाने तिला तो घेता येत नव्हता. मग त्याने तो रिक्षात मंदाबाईंच्या मांडीवर ठेवला. "काम होईल ना आता?" त्याने हळूच विचारलं. मंदाबाईंनी मान हलवली. कसाही अर्थ लावता येईल अशी.

रिक्षात स्वातीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मी रागावले नाहीये, मावशी. पण मी काय लिहू? नवरा म्हणतो ती दार लावून जेवते आणि किती जेवते ते कुणाला दिसत नाही. पुस्तकात या आजाराचं असंच वर्णन आहे. शब्दाला शब्द."

"तो तिला चांगली म्हणत होता."

"हो ना," स्वाती म्हणाली.

यादी लागली. चाळिसांत घिवलीचं एकही नाव नव्हतं. किनाऱ्यावरची पाच नावं होती, तीही कारखान्यांच्या वसाहतीतल्या परप्रांतीय बायांची. त्यांच्याकडे हर्षितचा सहकारी हिंदीतला कागद घेऊन गेला होता आणि त्याने प्रत्येक प्रश्न कागदावर होता तसा वाचून दाखवला होता. लाजेसकट. त्या बायांनी 'कभी नहीं' म्हटलं होतं. मेघालीला पत्र आलं, जाड गुळगुळीत कागदावर. अन्नाशी निरोगी नातं जोडण्यासाठी बारा आठवड्यांचं समुपदेशन, दर बुधवारी अकरा वाजता. बुधवारी अकराला तिची कारखान्यात पाळी असायची.

मंदाबाईंनी काम सोडलं. स्वातीने थांबवायचा प्रयत्न केला. हर्षितला वाईट वाटलं, निदान वालाच्या भाजीचं तरी नक्कीच. पुढच्या गावांसाठी संस्थेने पत्रक काढलं, की प्रश्नातला कुठलाही शब्द बदलू अथवा गाळू नये. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

मेघालीला भेटायचं त्या आज-उद्या करत राहिल्या. शेवटी एका सकाळी कंपनीची बस जिथे थांबते त्या नाक्यावर गेल्या. पावणेसातची वेळ. मेघाली दुकानाच्या बंद फळीला टेकून उभी होती, डोळे मिटून. मंदाबाईंनी हाक मारल्यावर तिने डोळे उघडले आणि लगेच म्हणाली, "मावशी, तुमी कशाला आल्या एवढ्या लांब? मी नाय रागावले. प्रदीप पण नाय. आय तर खूश हाय, पोट कापायचं वाचलं म्हणून."

"मला तुला एक सांगायचंय," मंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. चौदावा प्रश्न मुळात कसा होता आणि त्यातलं काय गाळलं. कुणाच्या ओट्यावर बसून गाळलं. त्याने गाव कसं लाल झालं, आणि शब्द ठेवला असता तर काय झालं असतं. काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर त्या शिव्यांची वाट बघत उभ्या राहिल्या. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोणता शब्द म्हणालात?" मेघालीने विचारलं.

"लाज. खाण्याची लाज वाटते का."

"मग विचारायचं व्हतं ना."

"घरात सगळे होते. मला वाटलं तुला वाईट वाटेल. गावातल्या कुठल्या बाईला मी असं..."

"बाकीच्यांचं सोडा. त्या नाय म्हटल्या असत्या." मेघाली रस्त्याकडे बघत बोलत होती, आवाज न चढवता. "मी हो म्हटलं असतं."

मंदाबाई एक पाऊल जवळ आल्या.

"टोपात जे काय असते ते सगळं संपवते मी. पोट भरलेलं असते तरी. तळाची खरवड पण. चपात्या उद्याला म्हणून ठेवलेल्या असतात, त्या पण. मग सकाळी नव्या करते लवकर उठून, कोणाला कळू नये म्हणून. दार त्याच्यासाठीच लोटते. आयला वाटते रीत पाळते. वाटू दे." तिने ओढणीने मानेवरचा घाम पुसला. "तुमी कागद घेऊन आल्या तेव्हा मला वाटलं, आता विचारणार. तुमी मला पहिल्यापासून बगितलेली. तुमाला सांगायचं असं ठरवून बसले व्हते मी त्या दिवशी. आणि तुमी विचारलं, कोणाबरोबर बसते."

"मेघाली..."

"मला त्या मॅडमना नाय सांगायचं आता. बुधवारी गेले व्हते एकदा, सुट्टी टाकून. नवी पोरगी व्हती. बोलली, अन्नावर प्रेम करा." ती हसली, नाकातून, क्षणभर. "एकदा सांगायला मन तयार व्हते मावशी. परत परत नाय व्हत."

बस आली. आधी बाकीचे चढले. मग मेघालीने दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पाय वर ठेवला, थांबली, श्वास घेतला आणि दुसरा पाय ओढला. दारात ती आडवी होऊन आत गेली. मंदाबाई मदतीला पुढे झाल्या होत्या, पण हात कुठे लावावा हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी तो मागे घेतला.

आत पहिल्याच बाकावरचे दोघेजण न सांगता उठले आणि मागे जाऊन उभे राहिले. दोघांचं ते बाक मेघालीला एकटीला मिळालं. कुणी काही बोललं नाही. कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून सगळे खिडकीबाहेर बघत होते.